गोजीची पंगत

म्हाळाप्पा लेंगऱ्यांना फोनवर हळू बोलणं कधी जमलंच नाही. उभा जन्म जतच्या माळावर, वाऱ्याशी पैज लावून ओरडण्यात गेलेला. त्यामुळे डॉ. तेजश्री लेंगरे पुण्याच्या प्रयोगशाळेत असताना वडिलांचा फोन आला, की ती तो कानापासून हातभर लांब धरी आणि शेजारच्या टेबलांवरची मंडळी हसू दाबत. त्या दिवशीही तसंच झालं.

"तेजे, आयकलंस का? यंदा जत्रंला मटान तुज्या कंपनीचं! भीमा मेटकऱ्यानं सोता फोन केला हुता तुज्या सायबास्नी."

तेजश्रीनं हातातली काचेची बशी खाली ठेवली.

"आबा, बकरं न्हाई का घावलं कुटं?"

"कुटलं बकरं? सोलापूरपातूर हुडाकलं. माळावर समदीकडं त्या उन्हाच्या काचा मांडल्यात. मेंढरू ऱ्हाऊ दे, लेंडी बगायला मिळंना." आबा खदखदून हसले. "मला वाटलं, औंदा पंगत मोडती. पर तुज्या हातचं मटान, आन् माजा पयला घास! लेंगऱ्याचा मान लेंगऱ्याच्याच घरात. आता डोळं मिटलं तरी चालतंय."

"असं काय बोलताय," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ त्या बशीकडे बघत बसली. बशीत गुलाबी पाण्याखाली, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही अशी, एक मेंढी वाढत होती. आबांनी त्या मेंढीला मांडीवर घेऊन दूध पाजलं होतं, आणि ती इथे वाढते आहे हे आबांना माहीत नव्हतं.

तेजश्रीचं काम समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. जनावराच्या मांसाच्या धाग्यांना बिलगून काही मूलपेशी झोपून असतात. एरवी त्यांना काही काम नसतं. पण लांडग्यानं मेंढीची मांडी ओरबाडली की त्या खडबडून जाग्या होतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत फाटलेलं भरून काढतात आणि पुन्हा गप्प पडतात. जनावराला न मारता तुरीच्या डाळीएवढा मांसाचा तुकडा काढायचा, त्यातल्या या पेशी वेगळ्या करायच्या आणि कोमट, सकस पाण्यात सोडायच्या. आपण अजून मेंढीच्याच अंगात आहोत अशी त्यांची समजूत झाली, की त्या वाढत सुटतात. पोलादी टाक्यांमधून त्यांचं पीक घ्यायचं. मग सोयाबीनच्या जाळीवर त्यांना बसवायचं आणि खुराक बदलायचा. त्या एकमेकींना जोडून घेतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं मांस होतं. मटण तयार, आणि मेंढी तिकडे पाला खात उभी.

ऐकायला सोपं, पण करणाऱ्यांच्या नाकी नऊ आले होते. पेशी दमतात, ही त्यातली मुख्य अडचण. दर वेळी दुभंगताना पेशीच्या गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, आणि पुरेशी झिजली की ती वाढायचं थांबते. काही पेशी तर मांस व्हायचंच विसरतात आणि नुसती चरबी होऊन बसतात. कंपनीनं देशभरातल्या मेंढ्यांच्या पेशी आणून बघितल्या. सगळ्यांनी थोड्या दिवसांत मान टाकली. एका बशीत मात्र चमत्कार झाला. कुठल्याशा पेशीत आपोआप एक बारीकसा बदल घडला, तिची टोकं झिजेनात, आणि मांस व्हायची विद्याही ती विसरली नाही. शास्त्रात असं क्वचित घडतं आणि घडलं की माणसं पेढे वाटतात. कंपनीनंही वाटले. त्या पेशींना नाव मिळालं एम-सात. आज राज्यात जिथे जिथे मेंढीचं मटण शिजतं, लग्नात, खानावळीत, बारशाला, तिथे बहुतेक एम-सातच शिजते.

एम-सात म्हणजे गोजी.

तेजश्री कॉलेजात होती त्या वर्षी कृष्णाकाठच्या उसाच्या रानात लेंगऱ्यांची मेंढरं बसली होती. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत त्याला आणि धान्य आपल्याला, असा तो व्यवहार. एक मेंढी वीत असताना गेली. कोकरू जगलं. आबांनी ते घोंगडीत गुंडाळून पालात आणलं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. सुट्टीला आलेल्या तेजश्रीनं त्याचं नाव ठेवलं. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, माडग्याळी मेंढीला असतं तसं पोपटासारखं बाकदार नाक, आणि अंगात खोड्याच खोड्या. आईची तव्यावरची भाकरी तिनं किती वेळा पळवली असेल! आई काठी घेऊन धावायची, गोजी आबांच्या पाठीमागे दडायची, आणि आबा "लेकरू हाय गं" म्हणायचे. आई गेली तेव्हा गोजी तीन दिवस चुलीच्या जागेवर बसून होती, असं आबा सांगतात. तेजश्रीला ते खरं वाटतं.

त्यांच्या घरात एक रीत होती. मेंढरं विकायची, दुसऱ्यानं ती खायची, आपणही दुसऱ्याचं खायचं, त्यात काही पाप नाही. पण हातानं दूध पाजलं, नाव ठेवलं, त्या जनावराचं मांस त्या घरानं तोंडात घालायचं नाही. हा नियम कोणी सांगितला हे कोणाला ठाऊक नव्हतं. तो मोडल्याचंही कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

पुढे नोकरी लागल्यावर तेजश्री नमुने घ्यायला गावी, खैरवाडीला, गेली होती. आबा तालुक्याच्या बाजाराला गेलेले. तिनं कळपातल्या तरण्या मेंढ्या निवडल्या, पण त्या हाताला लागेनात. एकेकीला धरताना तिची पुरेवाट झाली. भेदरलेलं जनावर धरू नये, त्याची छाती फुटते, हे तिला लहानपणापासून पाठ. शेवटी ती दमून दगडावर बसली, तर गोजी आपणहून आली आणि तिच्या तळहातात नाक खुपसून उभी राहिली. डब्यात एक नळी रिकामी होती. भुलीचं इंजेक्शन, एक टोचणी, झालं. गोजी 'बें' सुद्धा म्हणाली नाही. मेंढपाळाच्या लेकीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक झाली नसती. परक्या माणसासमोर गोजी अशी उभीच राहिली नसती.

तेव्हा कुठे माहीत होतं, की सगळ्यांत हीच टिकेल?

नंतर गोजी म्हातारी होऊन मेली. आबांनी तिला बाभळीखाली पुरलं. टाकीतलं मटण स्वस्त झालं तशी मेंढरांना गिऱ्हाईक उरलं नाही. माळ सौर कंपनीनं कुंपण घालून घेतला, आणि एका उन्हाळ्यात आबांनी उरलेला कळप टेंपोत चढवला. लेकीला ते एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं तेजश्रीला आजही वाटतं. आणि कंपनीत चव बघायची पाळी येई तेव्हा तिनं एम-सात खाल्लं होतं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा. ही एम-सात आहे, असं मनाला बजावत ती घास गिळायची.

आता आबा तो घास घेणार होते. बिरोबाच्या जत्रेत देवाला पुरणाचा नैवेद्य झाला की माळावर मटणाची पंगत बसते. पहिला घास लेंगऱ्यांच्या कर्त्या पुरुषानं घ्यायचा, त्याशिवाय कोणी भाकरी मोडायची नाही. आणि ज्यानं तो घास नाकारला, त्याच्या घरातून तो मान कायमचा जायचा, पुढच्या घराला. पुढचं घर भीमा मेटकऱ्याचं.

म्हणजे सांगावं तर आबांचा मान जाणार, आणि न सांगावं तर आबा गोजीला खाणार.

तिनं साहेबांना विचारून बघितलं, दुसऱ्या मेंढीच्या पेशींचं मटण देता येईल का. साहेब म्हणाले, "दुसरी आहे कुठे? तुम्हीच तर एक शोधून दिलीत." शेळीचं मटण होतं, पण बिरोबाच्या पंगतीला मेंढराचंच लागतं. साहेबांनी तिच्याबरोबर जाहिरात विभागातल्या मिथिला सरदेसाईंनाही धाडलं. म्हातारा धनगर, डोक्याला तांबडा पटका, शास्त्रज्ञ लेकीनं वाढलेला पहिला घास. मिथिलाच्या डोळ्यांसमोर चित्र आधीच तयार होतं.

जत्रेच्या सकाळी शीतपेट्यांची गाडी खैरवाडीत शिरली तेव्हा आबा वेशीवरच उभे होते. मानाचा पटका बांधलेला, मिशांना तेल लावलेलं, खांद्यावर नवी घोंगडी.

"ह्या कोन बाई?"

"मी मिथिला. तुमचा फोटो काढणार आहे, आजोबा."

"काडा की! हजार काडा. पर दात आत धरून काडा, दोनच ऱ्हायल्यात."

घरी गेल्यावर आबांनी चहा टाकला. तेजश्रीनं ठरवलं, आत्ताच सांगायचं. ती चुलीजवळ बसली.

"आबा, एक बोलायचं हुतं."

"बोल की. पर आदी ह्ये बग." आबांनी कोनाड्यातून लोकरीचा एक गुंडा काढला. "परवा पेटीत घावला. ह्येच्यात समद्या कळपाची लोकर हाय, बग. कातरनीला बसलो, की तुजी आय मोजायला बसायची आन् मोजता मोजता झोपायची. कोकनातनं परत येताना घोड्यावर तुला बांदायचो, आन् तुज्या दोनी बाजूला कोकरं. वाटंत लोक इचारायचं, ह्यातलं तुमचं कंचं?" ते हसले आणि गुंडा त्यांनी लेकीच्या हातात दिला. "लई चाललो गं आमी. आता पाय हायेत आन् कुटं जायाला न्हाई."

तेजश्रीनं त्या लोकरीवरून हात फिरवला. लोकरीला अजून मेंढरांचा वास होता. तिला रडू कोसळेलसं वाटलं आणि तिनं चहाचा कप तोंडाला लावला.

"तू काय म्हनत हुतीस?"

"काय न्हाई. मटान आनलंय त्ये पोरास्नी दिऊन येती."

दुपारी माळावर पानं मांडली. धनगरांचा गजीनाच नुकताच संपलेला, ढोल अजून घुमत होते, पोरं घामानं निथळत होती. मोठमोठ्या हंड्यांत तांबडा रस्सा रटरटत होता आणि सगळ्या माळाला पूर्वीच्या जत्रांचा वास सुटला होता. म्हातारी माणसं नाकं वर करून तो वास घेत होती. "आगदी तस्साच," कोणीतरी म्हणालं. तेजश्रीला ते ऐकून अभिमान वाटायला हवा होता.

आबा पहिल्या पानावर बसले. शेजारी भीमा मेटकरी, अंगानं दांडगा, डोळ्यांत वर्षानुवर्षांची असूया. पण आज तोही खुशीत होता, कारण मटण त्यानं आणवलं होतं. मिथिलानं कॅमेरा रोखला. तेजश्रीनं पळी घेतली आणि वडिलांच्या पानात वाढलं. आबांनी भाकरी मोडली, मटणाचा तुकडा तीत धरला, हात कपाळाला लावला.

"आबा, खाऊ नगा."

तिला स्वतःलाच आपला आवाज ओळखू आला नाही. घास अर्ध्यावर थांबला.

"का गं? गार हाय व्हय?"

ती पानासमोर मांडी घालून बसली. एवढ्या लोकांत बोलायचं म्हणजे जीव नकोसा झाला, पण बोलली. "त्ये गोजीचं हाय, आबा. तुमी बाजारला गेला हुता तवा मी तिच्या मांडीतनं बारका तुकडा काडला हुता. समदं मटान त्याच तुकड्याचं वाढल्यालं हाय. हितलं, पुन्याचं, समदं. मी सांगितलं न्हाई. मला वाटलं हुतं, तुमी... तुमचा मान..."

ढोल थांबले होते. आबांनी घासाकडे बघितलं. मग लेकीकडे.

"तू खाल्लंस?"

"व्हय."

"कशी लागली?"

तेजश्रीनं मान खाली घातली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पानात पडलं. आबांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता.

"म्हाळूदा," भीमा मेटकरी दबक्या आवाजात म्हणाला, "आरं, ती मेली कवाच. ह्ये टाकीतलं हाय. बारका घास घे आन् मोकळा हो. समदी खोळंबल्यात." कौतुक असं, की मान आपल्याकडे येणार हे समोर दिसत असताना तो हे म्हणत होता, आणि मनापासून म्हणत होता.

आबांनी घास भाकरीसकट हळूच पानात ठेवला. मग दोन्ही हातांनी डोक्यावरचा पटका उतरवला. लोकांनी माना दुसरीकडे वळवल्या. पटका त्यांनी भीमाच्या मांडीवर ठेवला.

"घे. तुज्या घरात ऱ्हाऊ दे आता."

"म्हाळूदा, असं नगं रं..."

"तू तिला दूद पाजलं न्हाईस. तुला चालतंय. घास घे भीमा, लेकरं उपाशी हायेत."

मिथिलानं कॅमेरा कधीच खाली ठेवला होता. भीमा मेटकऱ्यानं पटका बांधला नाही, नुसता छातीशी धरला आणि घास घेतला. तो चावत असताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखटानं, असं तो नंतर सगळ्यांना सांगत होता. पंगतीनं भाकऱ्या मोडल्या.

तेजश्रीला वाटलं, आबा आता उठून घरी जातील आणि पुन्हा आपल्याशी बोलणार नाहीत. ते उठले खरे. पण त्यांनी तिच्या हातातली पळी घेतली, हंडी उचलायला दोन पोरं हाताशी घेतली आणि पंगतीत फिरू लागले. उघड्या डोक्याचा तो म्हातारा एकेका पानापुढे वाकून वाढत होता.

"घे रं, पोटभर घे. माज्या गोजीचं हाय. लई गुनाची हुती."

"आजी, रस्सा घालू का? भाकरी चोरायची बगा, तव्यावरनं!"

पहिल्यांदा लोक बावरले. मग कोणाला तरी ती आठवली. "ती बाकदार नाकाची का? तिनं माजी शेव खाल्ली हुती की रं, पिशवीसकट!" कोणी हसलं. कोणी सांगितलं, ती शाळेच्या परीक्षेत वर्गात शिरली होती. दुसऱ्या टोकाहून कोणीतरी आपल्या तांबू मेंढीची गोष्ट काढली, कोणी आपल्या कुत्र्याची, कोणी पावसात वाहून गेलेल्या अख्ख्या कळपाची. कित्येक वर्षं त्या माळावर कोणी मेंढरांची नावं घेतली नव्हती. पंगत उठली तरी माणसं उठेनात, हात वाळून गेले तरी बोलत बसली होती.

ऊन कलल्यावर आबा एका कडेला घोंगडी टाकून बसले आणि त्यांनी तेजश्रीला हाक मारली. दोन भाकऱ्या, कांदा, शेंगदाण्याची चटणी. अर्धी भाकरी त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

"खा. सकाळधरनं उपाशी हायेस."

"आबा, मी चुकले."

"चुकलीस की." त्यांनी कांदा बुक्कीनं फोडला. "आता परत खाऊ नगंस, मंजी झालं."

ती भाकरी खाऊ लागली. आबा म्हणाले, "तिला तितं दुकतंय का गं?"

"न्हाई आबा. दुकायला डोकं लागतंय. तितं नुसतं मांस हाय."

"मंजी तिला मी वळकू याचा न्हाई."

"न्हाई." खोटं बोलायचं नाही, असं तिनं आज ठरवलं होतं. "पर ती जित्ती हाय, आबा. बशीत धागं झालं, की कवा कवा आपसूक हलत्यात. कुनी हात लावला न्हाई तरीबी."

आबांचं चावणं थांबलं. "हलत्यात?"

"व्हय. बारीक उडी मारल्यागत."

"खोडील हुतीच ती," आबा पुटपुटले. त्यांनी टक्कल पडलेल्या डोक्यावरून हात फिरवला. पटक्याशिवाय त्यांना तिथे गार लागत असावं. समोर कुंपणाआड काचांच्या रांगा मावळतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या माळावर कधी काळी संध्याकाळी धूळ उठायची, घंटा वाजायच्या आणि आबांच्या एका शिटीवर सगळा कळप वळायचा.

"आन् तू रोज आसतीस तिच्यापाशी?"

"रोज."

"गरम-गार समदं बगतीस? येळंवर खायाला घालतीस?"

"घालती. सुट्टीच्या दिशीबी जावं लागतंय. न्हाईतर मरत्यात."

आबांनी तिच्याकडे नीट बघितलं, जणू ही एवढी शिकलेली पोर काय काम करते ते त्यांना आज पहिल्यांदाच कळलं. मग त्यांनी अंगावरचे भाकरीचे कण झटकले, काठी जवळ ओढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"उद्या जाताना मला संगट घिऊन चल, तेजे," ते म्हणाले. "लई दिस झालं, मेंढरांत गेलो न्हाई."